पोटातला आवाज

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)

अर्धवटरावांना ओळखत नाही असा मराठी माणूस विरळा. यशवंत केशव पाध्ये यांनी हा बोलका बाहुला रंगमंचावर आणला आणि पुढे त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी तो दूरदर्शनच्या पडद्यावरून घराघरांत पोचवला. अर्धवटराव खेकसतात, टोमणे मारतात, आवडाबाईंशी भांडतात आणि शेजारी बसलेला माणूस नुसता हसत असतो. या कलेला मराठीत आपण शब्दभ्रम म्हणतो. इंग्रजीत तिचं नाव व्हेंट्रिलोक्विझम. कला एकच, पण दोन्ही शब्दांची नजर दोन वेगळ्या माणसांवर आहे. भ्रम होतो तो प्रेक्षकाला, म्हणजे आपला शब्द ऐकणाऱ्याकडे पाहतो. इंग्रजी शब्द पाहतो बोलणाऱ्याकडे, आणि त्यातही त्याच्या पोटाकडे. लॅटिनमध्ये ‘व्हेंटर’ म्हणजे पोट आणि ‘लोक्वी’ म्हणजे बोलणं. व्हेंट्रिलोक्विस्ट म्हणजे सरळ मराठीत पोटबोल्या.

आता पोट बोलत नाही, हे सांगायला वैद्य नको. भूक लागली की ते गुरगुरतं, तेवढंच. आवाज निघतो स्वरयंत्रात आणि त्याला आकार येतो तो घसा, टाळू, जीभ, दात आणि ओठ यांच्यामुळे. शब्दभ्रमकाराचा आवाजही तिथूनच निघतो. असं असताना दोन हजार वर्षांहून अधिक काळ युरोपातली शहाणीसुरती माणसं हा आवाज पोटात का शोधत राहिली? या चुकीच्या पत्त्यापायी पुष्कळांनी छळ सोसला आणि काहींचा जीव थोडक्यात वाचला. म्हणून या शब्दाची कुळकथा सांगावीशी वाटते.

आधी कला समजून घेऊ. ती मराठी माणसाला समजावणं सोपं आहे, कारण आपली वर्णमालाच मुळी उच्चाराच्या जागेप्रमाणे लावलेली आहे. क-वर्ग कंठातला, च-वर्ग टाळूचा, ट-वर्ग मूर्धेचा, त-वर्ग दातांचा आणि प-वर्ग ओठांचा. आरशासमोर उभं राहून, दात एकमेकांजवळ आणून आणि ओठ जरासे विलग ठेवून ‘काका’, ‘दादा’, ‘नाना’ म्हणून पाहा. ओठ हलवावे लागत नाहीत. मग ‘बाबा’ म्हणा, ‘मामा’ म्हणा. ओठ मिटल्याशिवाय गत्यंतर नाही. प, फ, ब, भ, म ही पाच अक्षरं शब्दभ्रमकाराची जन्माची वैरी. त्यांच्या जागी तो जीभ दातांमागे टेकवून त, थ, द, ध, न यांच्या जवळचा काहीतरी आवाज काढतो आणि सरावाने तो असा वळवतो की ऐकणाऱ्याला प-वर्गच ऐकू आल्यासारखा वाटावा. कच्च्या कलाकाराच्या तोंडी मामाचा नाना होतो आणि बाबांचा दादा. इंग्रज कलावंतांमध्ये ‘बॉटल ऑफ बिअर’चं ‘गॉटल ऑफ गिअर’ होतं, हा जुना विनोद आहे. आवाज लांबून आल्यासारखा वाटावा म्हणून जीभ मागे ओढायची, घसा आवळायचा आणि श्वास थोडा थोडा सोडायचा. त्या श्वासाला आवर घालायला पोटाचे स्नायू लागतात. पोटाचं काम इतकंच, आणि इतकं काम कीर्तनकाराचं आणि गवयाचं पोटही करतच असतं.

पण ही झाली आजची समजूत. लॅटिन शब्दाच्या आधीचा शब्द ग्रीक आहे, ‘एन्गास्ट्रिमिथोस’. ‘एन’ म्हणजे आत, ‘गास्टर’ म्हणजे पोट, ‘मिथोस’ म्हणजे बोल. ज्याच्या पोटात बोल आहेत तो. अथेन्समध्ये युरिक्लिस नावाचा असा एक भविष्यवादी प्रसिद्ध होता. विनोदी नाटककार ॲरिस्टोफेनिस याने इ.स.पू. ४२२ मध्ये रंगभूमीवर आणलेल्या ‘गांधीलमाश्या’ या नाटकात त्याचा उल्लेख आहे. सुरुवातीला या नाटककाराची नाटकं दुसऱ्यांच्या नावाने होत असत. ती आठवण देताना तो म्हणतो की, युरिक्लिसच्या वाणीप्रमाणे मीही इतरांच्या पोटात शिरून बोलत होतो. यातून एक गोष्ट लक्षात येते. आजचा कलाकार आपला आवाज बाहेर, बाहुल्यात टाकतो. जुन्या ग्रीक कल्पनेत गोष्ट बरोबर उलटी होती. बाहेरचं कुणीतरी माणसाच्या पोटात येऊन बसायचं आणि त्याच्या तोंडून बोलायचं. म्हणजे त्या काळच्या हिशेबाने माणूसच बाहुला.

हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या वैद्यकीय टिपणांत घशाच्या आजाराने बेजार झालेल्या एका बाईची हकिगत आहे. तिच्या छातीतून येणारा आवाज पोटात बोल असणाऱ्या लोकांसारखा होता, असं वैद्याने लिहून ठेवलं आहे. त्याला भुताखेतांत रस नाही, फक्त आवाज कसा होता हे सांगायचं आहे. पुढे पाचेकशे वर्षांनी प्लुटार्क येतो. हा डेल्फीच्या अपोलो मंदिराचा पुजारी, तेव्हा देववाणीचा त्याला अनुभव. देव स्वतः पुजारणीच्या शरीरात शिरतो आणि तिचं तोंड नि आवाज हत्यारासारखा वापरतो, ही समजूत अगदी पोरकट आहे असं तो स्पष्ट लिहितो. आणि जाता जाता सांगतो की, ज्यांना पूर्वी युरिक्लिस म्हणत, त्या पोटबोल्यांना आता ‘पायथन’ म्हणतात. मंदिराच्या पुजाऱ्यानेच असं म्हणावं, याचं मला फार कौतुक वाटतं.

या शब्दाच्या आयुष्यातलं मोठं वळण नाटकात किंवा मंदिरात आलं नाही, ते भाषांतराच्या मेजावर आलं. इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियात ज्यू धर्मग्रंथांचं हिब्रूतून ग्रीकमध्ये भाषांतर होऊ लागलं. त्यात शौल राजाची कथा आहे. पलिष्ट्यांची फौज समोर उभी, देव उत्तर देईनासा झालेला. अशा वेळी राजा वेश पालटून रात्री एन-दोर गावच्या एका बाईकडे जातो आणि मेलेल्या शमुवेलाला बोलावून आण म्हणतो. या बाईला हिब्रूत ‘ओब’ची मालकीण म्हटलं आहे. ओब म्हणजे मृतात्मा किंवा त्याला बोलावण्याचं साधन. भाषांतरकारांनी या ओबसाठी ग्रीक शब्द निवडला तो एन्गास्ट्रिमिथोस. मूळ गोष्टीत पोटाचा उल्लेखही नाही. पण शब्द पडला आणि एन-दोरची बाई कायमची पोटबोली झाली. तिने शमुवेलाला खरंच उठवलं, की आवाज तिच्याच पोटातून आला, यावर ख्रिस्ती धर्मपंडित शेकडो वर्षं भांडले. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनचं म्हणणं, शमुवेल खराच आला होता. चौथ्या शतकात अँटिऑकच्या युस्टेथियसने त्याच्या विरोधात एक अख्खा ग्रंथ लिहिला. त्याच्या मते पोटातून बोलतो तो सैतान, आणि सैतानाच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार?

इथे हिब्रू भाषेतली एक गंमत सांगितली पाहिजे. ईयोबाच्या ग्रंथात ‘ओब’ हाच शब्द अनेकवचनात दारूच्या कातडी बुधल्यांसाठी आला आहे. तिथे एक तरुण, वडीलधारी माणसं गप्प झाल्यावर बोलू लागतो. त्याचं म्हणणं असं की, माझ्या पोटात शब्दांची दाटी झाली आहे, नव्या दारूने बुधला फुटावा तसं माझं झालं आहे. बोललो तरच मोकळं वाटेल. भूत आणि बुधला हे दोन शब्द मुळात एकच की नुसते सारखे दिसणारे, हे पंडितांनी ठरवावं. पोटात शब्द दाटणं ही कल्पना मात्र मराठी माणसाला परकी वाटणार नाही. तिच्याकडे पुढे यायचंच आहे.

रोमन काळातल्या फिलिप्पै शहरातली गोष्ट बायबलच्या नव्या करारात आहे. एका दासीच्या अंगात ‘पायथन’ होता आणि ती भविष्य सांगायची. पैसे मालकांना मिळायचे. पौलाने तिच्यातला आत्मा घालवून दिला, तेव्हा मालक खवळले, कारण कमाई बुडाली. त्यांनी पौल आणि सीला यांना धरून न्यायाधीशांपुढे ओढलं, दोघांना फटके बसले, तुरुंगवास घडला. त्या मुलीचं पुढे काय झालं, हे ग्रंथकार सांगत नाही. आवाज तिच्या तोंडून निघत होता, पण तो देवाचा की सैतानाचा याचा निवाडा करणारे वेगळे आणि पैसे मोजून घेणारे वेगळे.

हीच तऱ्हा पुढे पंधराशे वर्षांनी इंग्लंडच्या केंट परगण्यात दिसते. आल्डिंग्टन गावी एलिझाबेथ बार्टन नावाची मोलकरीण होती. १५२५ मध्ये ती आजारी पडली, तिला झटके येऊ लागले आणि त्या अवस्थेत ती बोलू लागली. कँटरबरीचे आर्चबिशप क्रॅन्मर यांनी एका पत्रात तिचं वर्णन केलं आहे. ओठ फारसे न हलता तिच्या पोटातून, जणू पिंपातून यावा तसा आवाज येई, स्वर्गाबद्दल बोलताना तो गोड असे आणि नरकाबद्दल बोलताना भयंकर. लोकांनी तिला संतीण मानलं. इथवर कुणाची हरकत नव्हती. पण आठव्या हेन्रीने राणीला सोडून ॲन बोलीनशी लग्न करायचं ठरवलं आणि या आवाजाने राजाच्या नाशाचं भाकीत केलं. मग चौकशी झाली, तिने सारं ढोंग होतं अशी कबुली दिल्याचं जाहीर करण्यात आलं आणि २० एप्रिल १५३४ रोजी तिला टायबर्नला फाशी दिलं. तिच्याबरोबर काही धर्मगुरूही लटकले. ती कबुली कितपत खरी, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पोटातून आवाज काढला म्हणून तिला मारलं नाही, त्या आवाजाने जे सांगितलं त्यासाठी मारलं, हे मात्र उघड आहे.

चाळीस वर्षांनी, १५७४ मध्ये, त्याच केंटमधल्या वेस्टवेल गावी मिल्ड्रेड नॉरिंग्टन नावाच्या मोलकरणीत सैतान शिरला. दोन पाद्री त्याला हुसकायला बसले आणि सैतान बोलू लागला. गावातल्या म्हाताऱ्या ॲलिसने मला पाठवलं, ती मला बाटलीत ठेवते, माझ्याकरवी तिने माणसं मारवली. पाद्र्यांनी हे सगळं साक्षीदारांच्या नावांनिशी कागदावर उतरवलं. १५६३ च्या कायद्याप्रमाणे चेटूक करून माणूस मारणाऱ्याला मृत्युदंड होता. म्हणजे तो कागद खरा धरला असता तर म्हातारी फासावर गेली असती. पण परगण्यातल्या दोन न्यायाधीशांनी मुलीला बोलावून नीट विचारपूस केली. तिने कबूल केलं की आवाज माझाच, आणि त्यांच्यासमोर तो पुन्हा काढूनही दाखवला. ही हकिगत रेजिनाल्ड स्कॉट या केंटच्याच गृहस्थाने १५८४ मध्ये आपल्या पुस्तकात छापली. चेटकिणी म्हणून गरीब म्हाताऱ्यांना मारणं थांबावं यासाठी ते पुस्तक लिहिलेलं आहे. स्कॉट म्हणतो, वेस्टवेलच्या पोरीने जे केलं तेच एन-दोरच्या बाईने केलं, फरक काही नाही. बायबलातली गोष्ट एका मोलकरणीच्या कबुलीच्या आधारे समजावून सांगणं ही त्या काळात लहान हिंमत नव्हती. स्कॉटलंडचा राजा जेम्स याने १५९७ मध्ये भूतविद्येवर पुस्तक लिहिलं, त्याच्या प्रस्तावनेत या स्कॉटचं नाव घेऊन त्याला फटकारलं आहे.

मला स्वतःला या दोन मोलकरणींमध्ये एक सारखेपणा दिसतो. मिल्ड्रेड किंवा एलिझाबेथ आपल्या नावाने बोलल्या असत्या तर पाद्र्यांनी कागद-दौत काढली नसती. पोटातला आवाज बोलला तेव्हा पंचक्रोशी ऐकायला आली. आपल्याकडे घरात ज्या सुनेचं कुणी ऐकत नाही, तिच्या अंगात आलं की सासूही हात जोडून उभी राहते, हे खेड्यापाड्यांत पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

शब्दाचा अर्थ कसा हळूहळू पालटला, याचा सुंदर पुरावा थॉमस ब्लाउंट याच्या १६५६ च्या इंग्रजी शब्दकोशात सापडतो. व्हेंट्रिलोक्विस्ट या शब्दाचे त्याने दोन अर्थ दिले आहेत. ज्याच्या पोटात दुष्ट आत्मा बोलतो तो, किंवा सरावाने ओठ न हलवता जणू पोटातून बोलू शकतो तो. मध्ये फक्त एक ‘किंवा’. कोशकाराने निवाडा केला नाही, दोन्ही अर्थ शेजारी शेजारी बसवले. कायद्याला या ‘किंवा’तून बाहेर पडायला आणखी ८० वर्षं लागली. १७३५ च्या ब्रिटिश कायद्याने चेटूक करणं हा गुन्हा उरला नाही, चेटूक येत असल्याचं सोंग करणं हा गुन्हा झाला. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या अनुसूचीतही अंगात अतींद्रिय शक्ती संचारल्याचं भासवून इतरांच्या मनात भीती निर्माण करणं हे कृत्य आहे. तिथेही शब्द ‘भासवणं’ हाच आहे.

पोटातून सैतानाला कायमचं बाहेर काढलं ते एका फ्रेंच धर्मगुरूने. ॲबे द ला शापेल हा गणितातला माणूस. सेंट-जर्मेन गावी सेंट-जिल नावाचा एक किराणा दुकानदार आहे, तो अजब आवाज काढतो, असं त्याच्या कानावर आलं. हा भेटायला गेला. दुकानदाराजवळ बसून बोलत असता दूरच्या एका छपरावरून कुणीतरी ला शापेलचं नाव घेऊन हाक मारली. तो वळून पाहतो तोच हाक जमिनीतून आली. समोरचा माणूस शांत बसलेला. या सेंट-जिलचा एक किस्सा ला शापेलने दिला आहे. वादळात त्याने एका मठात आसरा घेतला. तिथले संन्यासी नुकत्याच वारलेल्या सोबत्याच्या शोकात होते. एकाएकी प्रार्थनागृहाच्या वरून मृताचा आवाज आला, तुम्ही माझ्यासाठी मनापासून प्रार्थना करत नाही म्हणून मी यातना भोगतो आहे. संन्यासी जमिनीवर पालथे पडून प्रार्थना करू लागले. शेवटी पाहुण्याने सांगितलं की ही माझी गंमत होती, तेव्हा त्यांना ते पटवून देणंच अवघड झालं. पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे दोन सदस्यही हा प्रकार तपासायला आले. तपास रानातल्या एका सहभोजनात झाला आणि एका बाईसाहेबांना आकाशातला आत्मा आपल्याशी बोलतो आहे याची खात्रीच पटली. ला शापेलचं पुस्तक १७७२ मध्ये निघालं. त्याने जवळून पाहून निष्कर्ष काढला की यात पोट नाही, भूत नाही, घसा आहे आणि अभ्यास आहे. त्याच पुस्तकात व्हिएन्नाच्या एका सरदाराचा उल्लेख आहे, तो हातात जबडा हलणारी बाहुली घेऊन तिच्याशी गप्पा मारत असे. अर्धवटरावांचे हे लांबचे पूर्वज.

पोट असं रिकामं झालं तरी शब्द बदलला नाही. आणि मजा अशी की, शरीर फाडून पाहणाऱ्या वैद्यांनी तोवर शरीरात भलत्याच ठिकाणी पोटं नोंदवून ठेवली होती. ग्रीकमध्ये ‘कोइलिया’ म्हणजे पोकळी आणि पोटही. हृदयातल्या नि मेंदूतल्या पोकळ्यांना ग्रीक वैद्य हाच शब्द लावत. लॅटिनमध्ये त्याचं झालं ‘व्हेंट्रिक्युलस’, म्हणजे पिटुकलं पोट. डॉक्टर ईसीजी पाहून व्हेंट्रिकल म्हणतात ते हेच. हृदयात अशी दोन पोटं, मेंदूत चार. मेंदूतल्या पोटांना तर एके काळी केवढा मान होता. चौथ्या शतकाच्या अखेरीस नेमेसियस नावाच्या बिशपने पुढच्या पोकळीत कल्पना, मधल्या पोकळीत विचार आणि मागच्या पोकळीत स्मरण अशी वाटणी केली आणि हजार वर्षं ती चालली. लिओनार्दोने बैलाच्या मेंदूत मेण ओतून या पोकळ्यांचा साचा काढला. १५४३ मध्ये व्हेसेलियसने दाखवून दिलं की जनावरांच्या मेंदूतही अशाच पोकळ्या असतात. मग माणसाची बुद्धी त्यांत कशी राहत असेल?

मराठीत हृदयाच्या या कप्प्यांना आपण निलय आणि अलिंद म्हणतो. निलय म्हणजे घर, अलिंद म्हणजे घरापुढचा ओटा. लॅटिनमध्ये वरचा कप्पा ‘एट्रियम’, म्हणजे रोमन घराचा दर्शनी चौक. म्हणजे वरच्या कप्प्यापाशी दोन्ही भाषा घराचाच भाग पाहतात. खालच्या कप्प्याशी मात्र वाटा फुटतात. त्यांना तिथे पोट दिसलं, आपल्या परिभाषाकारांना घरच दिसलं. मला आपली जोडी अधिक नीटस वाटते.

पण सर्वांत नवल आहे ते गळ्यात. स्वरयंत्रात दोन्ही बाजूंना, खऱ्या आणि खोट्या स्वरतंतूंच्या मध्ये, एकेक छोटी खाच असते. इटालियन शरीरशास्त्रज्ञ मोर्गान्यी (१६८२-१७७१) याच्या नावाने ती ओळखली जाते आणि तिचं नाव आहे स्वरयंत्राचं व्हेंट्रिकल. म्हणजे पिटुकलं पोट, नेमकं जिथे आवाज तयार होतो तिथे. हनुवटीखाली जबडा उघडायला मदत करणारा एक स्नायू आहे, त्याचं नाव डायगॅस्ट्रिक, दोन पोटांचा. स्नायूच्या फुगीर भागाला शरीरशास्त्रात पोटच म्हणतात. शिवाय ओठांना टाळून जीभ वरच्या दातांमागच्या ज्या उंचवट्याला लावायची, त्याला इंग्रजीत अल्व्हिओलर म्हणतात. तो शब्द ज्या लॅटिन घराण्यातला, त्यातलाच ‘अल्व्हस’ म्हणजेही पोट. इतकी पोटं तोंडात आणि गळ्यात असताना शब्दभ्रमकाराला पोटबोल्या म्हणणं तितकंसं चूक नाही, असं कुणी वकिली थाटात म्हणू शकेल.

पायाकडे या. गुडघ्याखाली मागच्या बाजूला जो मांसल भाग, त्यातल्या मोठ्या स्नायूचं वैद्यकातलं नाव गॅस्ट्रोक्नेमियस. ‘गास्टर’ म्हणजे पोट, ‘क्निमी’ म्हणजे नडगी. नडगीचं पोट. मराठीत आपण त्या भागाला म्हणतो पोटरी. ग्रीकांनी आपल्याकडून घेतलं नाही, आपण त्यांच्याकडून घेतलं नाही. दोघांनी एकच पाय पाहिला आणि दोघांना तिथे फुगलेलं पोट दिसलं. आपल्या शेतकऱ्याने हा शब्द शेतातही नेला. ज्वारीचं कणीस बाहेर पडण्याआधी वरच्या पानाच्या आवरणात फुगून येतं, तेव्हा पीक पोटरीत आलं म्हणतात. बाई पोटुशी तसं पीक पोटरीला. इंग्रजीतला ‘चाइल्ड’, म्हणजे मूल, हा शब्दही काही भाषाशास्त्रज्ञ आपल्या ‘जठर’ शब्दाच्या नात्यातला मानतात. जठर म्हणजे जुन्या संस्कृतात पोट आणि गर्भाशयही. तसं असेल तर त्यांचा चाइल्ड आणि आपला पोटचा गोळा यांत फार अंतर राहत नाही. इंग्रजी ‘बेली’ शब्दाची गोष्ट आणखी वेगळी. मुळात त्याचा अर्थ पिशवी. लोहाराच्या भात्याला इंग्रजीत ‘बेलोज’ म्हणतात, तो त्याच शब्दाचा भाऊ. आणि पिशवीच्या याच घराण्यातून, लॅटिन आणि फ्रेंच वळणं घेत, ‘बजेट’ हा शब्द आला. अर्थसंकल्प मांडताना मंत्री हातात बॅग घेऊन येत, तेव्हा ते शब्दाशी प्रामाणिक होते म्हणायचे.

मराठी पोटाची गोष्ट मात्र या सगळ्याहून निराळी आहे. प्राकृतातल्या पोट्टपासून आलेल्या या शब्दात आपण नियमाचा पोटनियम केला, कलमाचं पोटकलम केलं, घटस्फोटितेला पोटगी दिली, छताखाली पोटमाळा काढला. पण बोलण्याशी पोटाचं नातं आपण जसं लावलं, तसं युरोपात लावलेलं मला आढळलं नाही. कळकळीने बोलणं म्हणजे पोटतिडकीने बोलणं. जिवाच्या आकांताने ओरडणं म्हणजे बेंबीच्या देठापासून ओरडणं. अपराध पोटात घालायचा, गुपित पोटात ठेवायचं आणि ज्याचा भरवसा नाही त्याच्या पोटात एक, ओठांत एक. यांत सगळीकडे पोट खरं आणि ओठ संशयित. ग्रीक भाषांतरकारांना पोटातला आवाज म्हणजे परका वाटला, मराठी माणसाला पोटातला आवाज म्हणजे अगदी स्वतःचा.

याला मागे एक मोठी परंपरा आहे. आपल्या शास्त्रकारांनी वाणीच्या चार पायऱ्या मानल्या, परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी. तोंडातून बाहेर पडते ती वैखरी, सगळ्यांत वरवरची. समर्थ रामदासांनी दासबोधात परा वाणीचा उगम नाभीपाशी सांगितला आहे. तिथे अजून शब्द नाही, नुसतं स्फुरण. तिथून ते हृदयाकडे, मग कंठाकडे, मग तोंडाकडे चढत येतं. या हिशेबाने प्रत्येक माणूसच पोटातून बोलतो. आता ही अध्यात्माची भाषा आहे, शरीरशास्त्राची नव्हे, आणि दोन्हींची सरमिसळ करण्याचं कारण नाही. पण बेंबीच्या देठापासून ओरडणाऱ्या भाषेने या कलेला नाव देताना पोटाकडे बोट दाखवलं नाही, याचं मला आश्चर्य वाटत नाही. पोट हा शब्द आधीच दुसऱ्या कामावर होता.

आणि शब्दभ्रम हे नाव विज्ञानानेही उचलून धरलं आहे. आवाज कुठून येतो हे ठरवताना मेंदू कानापेक्षा डोळ्यावर जास्त विसंबतो. सिनेमागृहात आवाज स्पीकरमधून येतो, पण आपल्याला तो नायकाच्या ओठांतून येतो असं वाटतं. मानसशास्त्रात याला शब्दभ्रमाचंच नाव दिलं आहे. १९७६ मध्ये मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड या संशोधकांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. कानाला ‘बा’ ऐकवायचा आणि पडद्यावर ‘गा’ म्हणणारं तोंड दाखवायचं. बहुतेकांना ऐकू येतो ‘दा’. पुन्हा तेच प-वर्गाचं दुखणं. शब्दभ्रमकार हातातल्या बाहुल्याचा जबडा योग्य वेळी हलवतो, त्याच्याकडे वळून पाहतो, दचकतो, रागावतो, आणि बाकीचं काम आपला मेंदू फुकट करतो.

‘झपाटलेला’ हा महेश कोठारे यांचा १९९३ चा चित्रपट याच जागेवर उभा आहे. मरणाऱ्या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो, आणि त्या तात्या विंचूला चालवणारे हात होते रामदास पाध्ये यांचे. ग्रीकांच्या कल्पनेतला पोटात शिरणारा आत्मा इथे सरळ शब्दभ्रमकाराच्या बाहुल्यात शिरला. एवढी लांबची फेरी होऊन गोष्ट मुंबईच्या पडद्यावर आली आणि पोरं खुर्चीत पाय वर घेऊन बसली.

हे भाषण रेडिओवरचं, तेव्हा रेडिओचं एक राहिलं. अमेरिकेत एडगर बर्गन नावाचा शब्दभ्रमकार १९३७ पासून जवळजवळ वीस वर्षं रेडिओवर गाजत होता. त्याचा बाहुला चार्ली मॅकार्थी घरोघरी लाडका. इंग्लंडात पीटर ब्रफ आणि त्याचा आर्ची अँड्र्यूज यांनी १९५० ते १९६० बीबीसी रेडिओवर तोच उद्योग केला. ओठ न हलवण्याची कला, आणि ती ओठ न दिसणाऱ्या ठिकाणी. ऐकणाऱ्यांना काही खटकलं नाही. बर्गनचे ओठ प्रत्यक्षात चांगलेच हलत, आणि त्यावरून त्याची सर्वांत जास्त टर कोण उडवत असे, तर चार्ली मॅकार्थी.